बालगृहातील मुलाचा आयसीपी संगणकावर कसा लिहावा आणि रोजच्या कामात कसा वापरावा

बालगृहात मूल दाखल झाले की कार्यालयात त्याच्या नावाची फाईल उघडते, आणि अलीकडे त्याच दिवशी संगणकावर त्याची नोंदही उघडते. या दोन्हींमध्ये सर्वांत जास्त वेळ घेणारा आणि बहुतेक ठिकाणी सर्वांत कमी वाचला जाणारा कागद म्हणजे वैयक्तिक काळजी आराखडा, ज्याला कामावरचे सगळे नुसते ‘आयसीपी’ म्हणतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ रोजी अमलात आला आणि त्याखालील २०१६च्या आदर्श नियमांनी या आराखड्यासाठी नमुना ७ ठरवून दिला. आता तोच मजकूर संस्थेच्या संगणकात, एखाद्या सामायिक तक्त्यात किंवा मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेच्या पोर्टलवर भरावा लागतो. पोर्टलवरची बटणे आणि रकाने अधूनमधून बदलतात, त्यामुळे कोणते बटण कुठे आहे हे येथे सांगत नाही. रकान्यात काय लिहावे, कोणासाठी लिहावे आणि लिहिल्यानंतर त्याचे काय करावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे. तो प्रामुख्याने नव्याने रुजू झालेल्या परिविक्षा अधिकाऱ्यांसाठी, समुपदेशकांसाठी आणि संस्थेतील समाजकार्यकर्त्यांसाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्यावी. आयसीपी बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीसमोर, ठेवला जातो म्हणून तो समितीसाठी लिहायचा असतो, असा समज आपोआप होतो आणि मग सगळी भाषा अहवालाची होते. माझ्या अनुभवाने सांगतो, आराखडा रात्रपाळीच्या काळजीवाहकासाठी लिहावा. मूल तिच्या ताब्यात दहा-बारा तास असते, तिने सामाजिक तपासणी अहवाल (मुलाच्या घरची व पूर्वायुष्याची चौकशी करून लिहिलेला अहवाल) वाचलेला नसतो, आणि रात्री अकरा वाजता मूल रडू लागले तर तिला विचारायला कोणी जागे नसते. तिला उपयोगी पडेल असा आराखडा समितीलाही उपयोगी पडतो, पण समितीसाठी लिहिलेला आराखडा तिच्या उपयोगाचा असतोच असे नाही.

हे मला एका मुलाच्या चपलांमुळे कळले. साधारण नऊ वर्षांचा हा मुलगा रेल्वे फलाटावरून आलेला होता आणि रोज रात्री चपला उशाखाली घेऊन झोपायचा. काळजीवाहक रोज त्या काढून बाहेरच्या मांडणीवर ठेवायची, मुलगा आरडाओरडा करायचा, आणि सकाळी रजिस्टरमध्ये ‘हट्टी आहे, शिस्त पाळत नाही’ अशी नोंद व्हायची. फलाटावर दोनदा झोपेत चपला चोरीला गेल्याचे त्याने पहिल्याच भेटीत मला सांगितले होते, आणि मी ते सामाजिक तपासणी अहवालाच्या चौथ्या पानावर व्यवस्थित लिहिलेही होते. आयसीपीत मात्र ‘भावनिक गरजा’ या रकान्यासमोर ‘मुलास भावनिक आधाराची गरज आहे’ आणि ‘प्रस्तावित उपाय’ या रकान्यासमोर ‘नियमित समुपदेशन करणे’ एवढेच होते. पुढे तो रकाना बदलून असे लिहिले: ‘चपला चोरीला जाण्याची भीती वाटते. रात्री चपला धुऊन कापडी पिशवीत घालून उशाशी ठेवू द्याव्यात. कुलूप असलेली पेटी देता आल्यास त्याची चावी त्याच्याकडेच राहू द्यावी. जबाबदारी: रात्रपाळीची काळजीवाहक.’ भांडण त्याच आठवड्यात संपले. समुपदेशनाची गरज त्याला होतीच, पण रोज रात्रीच्या भांडणात ते समुपदेशन वाया जात होते.

नमुना ७मध्ये मुलाचा तपशील झाल्यावर तीन स्तंभांचा तक्ता येतो: विषय, चिंतेची बाब आणि प्रस्तावित उपाय. विषयांमध्ये काळजी व संरक्षणाबाबत मुलाच्या स्वतःच्या अपेक्षा, आरोग्य व पोषण, भावनिक व मानसिक आधार, शिक्षण व प्रशिक्षण, खेळ व सर्जनशीलता, जिव्हाळ्याची नाती, धार्मिक श्रद्धा, अत्याचारापासून स्वतःचे संरक्षण करण्याची कौशल्ये आणि स्वावलंबी जगण्याची कौशल्ये हे सगळे येते. यांतला अगदी पहिला विषय, म्हणजे मुलाच्या अपेक्षा, सर्वांत घाईने भरला जातो, कारण ‘शिकून मोठे होण्याची इच्छा आहे’ हे वाक्य सगळ्यांच्या हाताशी तयार असते. तो रकाना मुलाच्या शब्दांत, शक्य तर अवतरणचिन्हांत लिहावा. ‘मला शनिवारी भावाला भेटायचंय’ असे मुलीने सांगितले असेल, तर ‘भावंडांशी संपर्काची अपेक्षा’ असे त्याचे शुद्धीकरण करू नये. त्या शुद्धीकरणात शनिवार हरवतो, आणि भाऊ दुसऱ्या संस्थेत असेल तर शनिवारच महत्त्वाचा असतो.

मुलाशी बोलताना संगणक मध्ये ठेवू नये. पडद्याकडे पाहत प्रश्न विचारणाऱ्या माणसाला मूल ‘हो’ आणि ‘नाही’ यांपलीकडे काही सांगत नाही, आणि पोलीस ठाण्यातून आलेल्या मुलाला तर टंकलेखनाचा आवाज जबाबाची आठवण करून देतो. भेट वहीवर, मोजक्या शब्दांत टिपावी आणि त्याच दिवशी संगणकावर चढवावी. दुसऱ्या दिवसावर ढकलले की टिपणातील शब्द आपले होतात, मुलाचे राहत नाहीत. मजकूर चढवून झाल्यावर मात्र मुलाला शेजारी बसवून पडद्यावरचा त्याचा आराखडा वाचून दाखवावा. आराखडा मुलाशी विचारविनिमय करूनच करायचा, असे नियमांतील व्याख्येतच म्हटले आहे, आणि संगणकाचा खरा फायदा येथे मिळतो: मूल म्हणाले की ‘असं नाही’, तर ओळ तिथल्या तिथे बदलता येते, खाडाखोड दिसत नाही आणि मुलालाही आपल्या बोलण्याने काहीतरी बदलते हे डोळ्यांनी दिसते. त्याच्याच आयुष्यातील जे प्रसंग त्याला पुन्हा ऐकवणे योग्य नाही, ते भाग कोणते हे आधी समुपदेशकाशी बोलून ठरवावे.

भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहून मोकळे होऊ नये. मूल घरी पारधी, गोरमाटी, गोंडी किंवा कोरकू बोलत असेल तर तसे लिहावे, आणि मराठी त्याला कितपत समजते हेही लिहावे. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाविषयी ‘अभ्यासात मागे’ असा शेरा पडण्याआधी हा रकाना वाचला गेला, तर त्याचा बराच त्रास वाचतो.

प्रस्तावित उपाय लिहिताना प्रत्येक ओळीत चार गोष्टी आल्या आहेत की नाही हे तपासावे: काय करायचे, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि झाले हे कशावरून कळणार. ‘वैद्यकीय तपासणी करणे’ ही ओळ कायम खरी राहते, म्हणूनच ती निरुपयोगी आहे. त्याऐवजी ‘हिमोग्लोबिन कमी आढळले. लोहाच्या गोळ्या रोज दुपारच्या जेवणानंतर परिचारिकेने द्याव्यात. पुन्हा रक्ततपासणी पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत’ अशी ओळ असली, तर ११ तारखेला ती एक तर पूर्ण झालेली असते किंवा राहून गेलेली दिसते. तक्त्याचा वापर करत असाल तर तारखेचा एक स्वतंत्र स्तंभ ठेवावा आणि त्यात तारीख एकाच पद्धतीने लिहावी. एकाने ‘५/६’ म्हणजे ५ जून आणि दुसऱ्याने ६ मे समजले की तारखेनुसार क्रम लावण्याची सोय फुकट जाते. दर सोमवारी त्या स्तंभानुसार क्रम लावून त्या आठवड्यात येणारी कामे सगळ्या मुलांसाठी एकत्र काढावीत आणि कोणाकडे कोणते काम आहे ते सांगावे. ही पंधरा मिनिटे वाचवू नयेत. कागदी फाईलमध्ये हे काम करायला पन्नास फायली उघडाव्या लागायच्या, म्हणून ते होत नसे. संगणकावर येऊनही ते होत नसेल, तर आपण केवळ कपाट बदलले आहे.

जन्मतारीख आणि नाव हे दोन रकाने सोपे वाटतात आणि पुढे सर्वांत जास्त त्रास देतात. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेली मुले गावोगाव सापडतात, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ती लिहिलेली असते. अधिनियमाच्या कलम ९४नुसार वय ठरवताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र पाहिले जाते, ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तरच वैद्यकीय चाचणी. चाचणीतून ‘१३ ते १४ वर्षे’ असे वय येते, संगणक मात्र दिवस, महिना आणि वर्ष मागतो. अशा वेळी आपल्या मनाने तारीख घालू नये. समितीच्या आदेशात जे नमूद असेल तेच लिहावे आणि आदेशाचा क्रमांक व दिनांक शेऱ्यात टाकावा. मूल कोणत्या दिवशी १८ वर्षांचे होणार, म्हणजे बालगृहातून अनुरक्षणगृहाकडे (१८ वर्षांनंतर राहण्याची सोय असलेल्या संस्थेकडे) किंवा घराकडे कधी जाणार, हे त्याच तारखेवरून मोजले जाते.

नावाचेही तसेच आहे. आधार कार्डावर एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे आणि आईच्या तोंडी तिसरेच नाव असते. आडनाव कधी आधी येते, कधी शेवटी येते, कधी वडिलांच्या नावालाच आडनाव केलेले असते. प्रत्येक कागदावर नाव जसे आहे तसे स्वतंत्र नोंदवावे, ‘दुरुस्त’ करून एकसारखे करू नये, आणि नावातील तफावत दूर करणे हे एक काम म्हणून आराखड्यात तारखेसह लिहावे. दहावीचा अर्ज भरण्याच्या आठवड्यात हे काम करायला घेतले तर ते होत नाही.

मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर पोर्टलवर चिकटवला की त्याची अक्षरांची खिचडी होते, आणि घाईत ती तशीच जतन झाल्याचे मी पाहिले आहे. मोबाईलवर बोलून लिहिण्याची सोय वेगवान आहे, पण ती व्हरांड्यात वापरू नये. आपण मुलाच्या घरची हकीकत मोठ्याने उच्चारत असतो आणि शेजारी दहा मुले ऐकत असतात.

पहिला आराखडा लिहून झाला की काम सुरू होते. नमुना ७च्या दुसऱ्या भागात प्रगती अहवाल आहे: पहिले तीन महिने दर पंधरवड्याला आणि त्यानंतर दर महिन्याला. म्हणजे मूल वर्षभर राहिले तर साधारण पंधरा अहवाल. कागदावर हे लिहिताना हात दुखायचा, संगणकावर मागचा अहवाल उघडून तारीख बदलण्याचा मोह होतो. तो मोह मलाही झाला आहे. एका मुलाच्या सलग काही अहवालांत मी ‘प्रकृती उत्तम, खेळात उत्साहाने भाग घेतो’ हेच वाक्य पुढे पुढे चिकटवत गेलो, आणि समितीच्या एका सदस्याने शांतपणे विचारले की ज्या महिन्यात या मुलाचा हात प्लास्टरमध्ये होता, त्या महिन्यात तो कोणता खेळ उत्साहाने खेळत होता. दवाखान्याचे कागद त्याच फाईलला जोडलेले होते. त्यानंतर मी एक नियम पाळतो: प्रगती अहवाल लिहिताना मागचा अहवाल बंद ठेवायचा आणि मूळ आराखड्याचा तक्ता उघडा ठेवायचा. तक्त्यातील प्रत्येक उपायासमोर झाले, झाले नाही किंवा बदलले यांपैकी एक शब्द आणि त्यापुढे एक वाक्य लिहायचे. ‘झाले नाही’ लिहायला लाज वाटू देऊ नये. सलग तीनदा ‘झाले नाही’ आलेली ओळ म्हणजे बहुधा मुलाचा दोष नसतो. तो उपायच चुकलेला असतो किंवा ज्याच्यावर जबाबदारी टाकली त्याला ती कोणी सांगितलेलीच नसते.

आराखडा बदलताना जुनी ओळ पुसू नये. तिला ‘दिनांक अमुकपासून रद्द’ असे लिहून खाली नवी ओळ घालावी. कोणी, केव्हा, का बदलले हे दिसले पाहिजे, कारण अधीक्षक बदलतात, समुपदेशकाची कंत्राटी मुदत संपते, आणि नवा माणूस आधी फसलेला उपाय पुन्हा नव्या उत्साहाने सुरू करतो. छापील प्रत फाईलला लावत असाल तर प्रत्येक पानाच्या तळाशी छपाईची तारीख येईल अशी व्यवस्था करावी आणि जुन्या प्रतीवर आडवी रेघ मारावी. पडद्यावर एक आणि फाईलमध्ये दुसरेच असेल, तर तपासणीच्या दिवशी तर गोंधळ होतोच, पण वीज गेलेल्या रात्री काळजीवाहक जी प्रत उघडते ती जुनी निघते.

संस्थेच्या स्वतःच्या व्यवस्थापन समितीच्या मासिक बैठकीत सगळे आराखडे वाचणे शक्य नसते. ज्या मुलांच्या तक्त्यात मुदत उलटलेल्या ओळी आहेत त्यांचीच यादी तेथे न्यावी. या समितीवर मुलांचे प्रतिनिधीही असतात, त्यामुळे यादीत नावांऐवजी प्रवेश क्रमांक ठेवावेत आणि खाजगी तपशील त्या बैठकीत काढू नयेत.

आता गोपनीयतेविषयी, कारण ढिलाई सर्वांत जास्त येथे आहे. कलम ७४नुसार मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा त्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील माध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. समितीसमोरचे अहवाल गोपनीय मानावेत असे कलम ९९ सांगते. आपण वर्तमानपत्रात काही छापत नाही म्हणून हे आपल्याला लागू नाही, असे समजून आयसीपीच्या पानांचे फोटो कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले जातात. ते फोटो गटातील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये उतरतात, तेथून त्याच्या खाजगी क्लाउडवर जातात, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडेही राहतात. रात्रपाळीला जे कळायला हवे ते त्या मुलापुरते, संस्थेतल्या संस्थेत, वाचण्यापुरते उपलब्ध करून द्यावे. चपला उशाशी ठेवू द्याव्यात एवढे काळजीवाहकाला कळले पाहिजे, पण मुलीवर झालेल्या अत्याचाराचा वैद्यकीय अहवाल तिला दिसण्याचे कारण नाही. तक्त्याचे दोन भाग करावेत, एक दैनंदिन सूचनांचा आणि एक संवेदनशील माहितीचा, आणि दुसऱ्या भागाला वेगळा पासवर्ड ठेवावा.

पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवू नये, हे लिहावे लागते याचे वाईट वाटते, पण लिहावे लागते. अधीक्षकांच्या एकाच लॉगिनने सगळ्यांनी काम केले, तर कोणती नोंद कोणी केली हे नंतर कोणालाच सांगता येत नाही, आणि जबाबदारी आपोआप अधीक्षकांच्या गळ्यात पडते. हाच युक्तिवाद अधीक्षकांना लवकर पटतो, असा अनुभव आहे. मजकूर चांगला व्हावा म्हणून मुलाची हकीकत इंटरनेटवरील एखाद्या एआय साधनात टाकून त्याच्याकडून आराखडा लिहून घेण्याची पद्धतही आता सुरू झाली आहे. मुलाची ओळख पटेल असा मजकूर तेथे अजिबात टाकू नये. शिवाय अशा साधनाला चपलांची गोष्ट ठाऊक नसते.

मूल घरी जाणार असेल तेव्हा नमुन्यातील तिसरा भाग, म्हणजे मुक्त करण्यापूर्वीचा अहवाल, जाण्याच्या १५ दिवस आधी तयार व्हायला हवा. हे १५ दिवस कागदपत्रांसाठी असतात. बँक खाते, शाळेचा दाखला, आधार, जातीचा दाखला, अपंगत्व असेल तर त्याचे प्रमाणपत्र, लसीकरणाची नोंद यांतील काय मुलाच्या हातात दिले आणि काय बाकी आहे ते एकेक करून लिहावे. आई एकटी असेल किंवा घरची परिस्थिती ओढगस्तीची असेल तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा दरमहा २,२५० रुपयांचा किंवा मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वाचा दरमहा ४,००० रुपयांचा पर्याय पात्रतेनुसार येथेच तपासावा, आणि अर्ज मूल घरी जाण्यापूर्वी दाखल करावा. मूल गेल्यावर अर्जासाठी आईला तालुक्याहून जिल्ह्याला तीन खेपा घालाव्या लागल्या, तर तिसऱ्या खेपेपर्यंत मूल पुन्हा कामाला लागलेले असते.

चौथ्या भागात घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा येतो. पहिल्या भेटीनंतरच्या भेटी दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी नोंदवायच्या असतात. मूल निघाले त्याच दिवशी या दोन्ही तारखा संगणकाच्या दिनदर्शिकेत आठवड्याभराच्या आगाऊ सूचनेसह घालाव्यात. मात्र तारीख घालण्यापूर्वी कुटुंबाचे वर्ष कसे जाते हे विचारावे. बीड, जालना किंवा अहिल्यानगरच्या ऊसतोड कुटुंबातील मूल जूनमध्ये घरी गेले, तर सहा महिन्यांनी, म्हणजे डिसेंबरात, गावातल्या घराला कुलूप असते आणि मूल कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर कोपीत असते. ‘घर बंद आढळले’ एवढी नोंद करून ती भेट झाली असे धरणाऱ्या फायली मी पाहिल्या आहेत. अशा मुलाच्या नोंदीत आईच्या मोबाईलबरोबर मुकादमाचा आणि गावातील अंगणवाडी सेविकेचा नंबर घ्यावा, कुटुंब दरवर्षी कोणत्या कारखान्याला जाते ते लिहावे, आणि दसऱ्याच्या आधी, टोळी गाव सोडण्यापूर्वी, एक जादा भेट ठेवावी. त्या भेटीत मुलाला आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून शाळा चालू ठेवता येईल का, हे ठरवायला अजून वेळ असतो.